न विचारणाऱ्यांचा प्रीमियम

दसऱ्याच्या आठवड्यात बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला. 'आपल्या गाडीचा विमा संपत आहे, आजच रिन्यू करा.' खाली लिंक आणि रक्कम, ७,६९१ रुपये. बाबांनी नेहमीप्रमाणे फोन माझ्याकडे सरकवला. "तूच कर गं ते, ओटीपी आला की सांगतो." आमच्या घरात ऑनलाइनवाली सगळी कामं माझी. लाइट बिल, गॅस, आजीचं जीवन प्रमाणपत्र, सगळं. मी आपली पेमेंटच्या बटणापर्यंत पोचलेही होते. तेवढ्यात किचनमधून आई म्हणाली, "गेल्या वर्षी कमी होतं ना?"

गेल्या वर्षी किती होतं, हे मेसेजमध्ये नव्हतं. जोडलेल्या नोटिशीतही नव्हतं. मेलबॉक्स उपसून जुनी पॉलिसी काढली, तेव्हा कळलं की गेल्या वर्षी ६,५८८ रुपये भरले होते. म्हणजे ११०३ रुपये जास्त. गाडी तीच, चालवणारे बाबा तेच, रोजचा रस्ता तोच. पाच वर्षांत एकदाही क्लेम नाही. साधा आरसा फुटला तेव्हाही बाबांनी स्वतःच्या खिशातून बदलला, कारण 'बोनस जातो' हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि वर गाडी एक वर्षाने जुनी झालेली, म्हणजे तिची किंमत कमी झालेली. मग पैसे वाढले कशाने?

मी टीवायला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. प्रोबॅबिलिटी शिकवताना सरांनी विम्याचं उदाहरण निदान दहा वेळा दिलं असेल, पण स्वतःच्या घरची पॉलिसी मी कधी उघडून वाचली नव्हती. त्या रात्री वाचली. दोन वर्षांच्या दोन पीडीएफ शेजारी शेजारी ठेवून. आणि जे दिसलं त्यावरून माझं एक मत झालंय, ते इथे मांडतेय. आधी हिशोब मात्र सांगावाच लागेल, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा भाग मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही. तो केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, सल्लामसलत करून जाहीर करतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. आमची गाडी मधल्या गटातली. दोन्ही पॉलिसींवर ३,४१६ च होते. म्हणजे वाढीचा चोर इथे नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज. आपलीच गाडी ठोकली, जळली, चोरीला गेली, पाण्यात बुडाली तर. हा ऐच्छिक, आणि इथे १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे. पण कागदावरची पद्धत अजून जुन्या टॅरिफचीच दिसते. आधी गाडीची विम्यापुरती किंमत, आयडीव्ही. तिला गाडीच्या वयाप्रमाणे, इंजिनाप्रमाणे आणि पासिंग कुठलं त्याप्रमाणे एक टक्केवारी लावायची. मुंबई, पुणे, दिल्ली अशी आठ मोठी शहरं 'झोन ए', बाकी सगळा देश 'झोन बी'. आमची एमएच १२, म्हणजे झोन ए. त्या रकमेवर कंपनीचं डिस्काउंट. उरलेल्यावर नो क्लेम बोनस.

आता आमचे आकडे. गेल्या वर्षी आयडीव्ही चार लाख, दर ३.२८३ टक्के, म्हणजे १३,१३२ रुपये. त्यावर कंपनीचं डिस्काउंट ७० टक्के, उरले ३,९४०. त्यावर ४५ टक्के बोनस, उरले २,१६७. यंदा आयडीव्ही तीन लाख साठ हजार. गाडीने पाच वर्षं पूर्ण केल्यामुळे दर वरच्या पायरीवर गेला, ३.४४७ टक्के, म्हणजे १२,४०९ रुपये. बोनस वाढून ५० टक्के झाला. इथपर्यंत सगळं आपल्या बाजूचं. पण मधलं डिस्काउंट ७० वरून ५० वर आलेलं. १२,४०९ चे झाले ६,२०५ आणि बोनस वजा जाऊन ३,१०२. थर्ड पार्टी मिळवा, १८ टक्के जीएसटी लावा, आला आकडा ७,६९१. (मालकाचं अपघाती कव्हर बाबांनी वेगळं घेतलंय, म्हणून ते यात नाही.)

डिस्काउंट सत्तरच राहिलं असतं, तर रक्कम ६,२२७ झाली असती. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा ३६१ रुपये कमी. पाच वर्षं सांभाळून गाडी चालवल्याचं बक्षीस एका हाताने वाढवलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. वर नोटिशीत ठळक अक्षरात लिहिलेलं काय? 'अभिनंदन! आपला नो क्लेम बोनस ५० टक्के झाला आहे.'

माझा राग वाढीवर नाही. हे आधीच स्पष्ट करते, नाहीतर 'आजकालच्या पोरांना सगळं फुकट हवं' असं कुणीतरी म्हणेलच.

विमा म्हणजे भिशी नव्हे, की मी भरलेले पैसे माझ्या नावाने बाजूला राहिले. तो सगळ्यांचा एक हौद असतो. त्यातून कुणीतरी पाणी काढणार आणि बाकीच्यांनी तो भरत राहायचा. मी क्लेम केला नाही, तरी माझ्यासारख्या गाड्यांच्या गटाने यंदा जास्त पाणी काढलं, तर पुढच्या वर्षी सगळ्यांची बादली मोठी होते. आणि काढलं जातंय, यात शंका नाही. पूर्वीचा बंपर म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा. आता त्यात सेन्सर, काचेमागे कॅमेरा, दिव्यात एलईडीचं अख्खं पॅनेल. थोडंसं घासलं की पूर्वी पाना-हातोड्याने सुटणारं काम आज अख्खा पार्ट बदलल्याशिवाय होत नाही.

त्यात पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पण घरात अजून ती गोष्ट सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, आणि २५ जुलै २०२४ ला आमच्याच सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी घुसलं. पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपापर्यंत. अशा एका रात्रीत एकाच गल्लीतले किती क्लेम उभे राहतात, याचा विचार करा. विम्याचं गणित या गृहीतकावर चालतं, की सगळ्यांवर एकाच वेळी संकट येत नाही. पूर त्या गृहीतकाचाच पाया काढतो. म्हणून 'पुणे पासिंगच्या गाड्यांचं डिस्काउंट यंदा वरूनच कमी आलंय' असं आमचे एजंट काका म्हणाले, तेव्हा मला ते पटलंसुद्धा.

पण पुढचं ऐका.

मी काकांना म्हटलं, "काका, वरून कमी आलंय हे ठीक. पण आम्ही पाच वर्षं क्लेम केला नाही, ते कुठे धरलंय?" काका दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "थांब, वर बोलून बघतो." पंधरा मिनिटांनी त्यांचा फोन बाबांना. "साहेब, झालं काम. पासष्ट टक्के करून दिलंय." नवा आकडा ६,५९४. गेल्या वर्षीपेक्षा फक्त सहा रुपये जास्त!

बाबा खूश. "बघ, आपले काका आहेत ना, म्हणून." मला मात्र झोप लागेना. एका फोनने १,०९७ रुपये कमी झाले. हा फोन केलाच नसता तर? पुराचा धोका पंधरा मिनिटांत कमी झाला का? स्पेअर पार्ट स्वस्त झाले का? आकडा धोक्यावरून ठरला असेल, तर तो विचारल्याने बदलायला नको. आणि विचारल्याने बदलत असेल, तर त्यातला काही भाग धोक्याचा नाही, न विचारण्याचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की या दुसऱ्या भागाला लपायला जागा ठेवू नका.

ही काही आपल्याकडचीच खोड आहे, असं नाही. ब्रिटनमध्ये याला नावच आहे, 'प्राइस वॉकिंग'. नव्या ग्राहकाला स्वस्तात आत घ्यायचं आणि मग दर रिन्यूअलला हळूहळू चालवत वर न्यायचं. जो निमूटपणे चालतो, तो जास्त भरतो. तिथल्या 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये याविरुद्ध अधिकृत तक्रार केली. तिथला वित्त नियामक एफसीए याने घर आणि गाडीच्या विम्याचा बाजार तपासला, तेव्हा २०१८ या एका वर्षात ६० लाख पॉलिसीधारक गरजेपेक्षा बरंच जास्त भरत असल्याचं दिसलं. त्यांनी सरासरी दराने भरलं असतं, तर त्यांचे मिळून १२० कोटी पौंड वाचले असते. १ जानेवारी २०२२ पासून तिथे नियम आहे, की घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला रिन्यूअलला जो भाव देणार, तो तसल्याच नव्या ग्राहकाला दिलेल्या भावापेक्षा जास्त असता कामा नये.

त्याही आधीचा एक साधा नियम मला जास्त आवडला. एप्रिल २०१७ पासून तिथल्या कंपन्यांना रिन्यूअलच्या नोटिशीवर गेल्या वर्षीचा प्रीमियमही छापावा लागतो. बस्स. यंदाचा आकडा आणि शेजारी मागचा. आमच्या आईने किचनमधून जो प्रश्न विचारला, तो तिथे नोटीसच विचारते.

यावर कुणी म्हणेल, बंदी घालून तिथे विमा स्वस्त झाला का? नाही झाला. २०२३ मध्ये तिथले गाडीचे प्रीमियम चांगलेच चढले, कारण दुरुस्तीच महागली. नव्या ग्राहकाला आकर्षून घ्यायला मिळणारी जबरदस्त सूटही पूर्वीसारखी राहत नाही. म्हणजे माझ्यासारख्या, चार वेबसाइट उघडून भाव काढणाऱ्या पोरीचं अशा नियमाने थोडं नुकसानच होईल. मला ते चालेल. कारण सध्या माझी सूट कोण भरतंय, ते मला माहीत आहे. साताऱ्याची माझी आत्या भरतेय.

आत्या निवृत्त शिक्षिका. आठ वर्षं एकाच कंपनीकडे विमा. मेसेज आला की दुसऱ्या दिवशी पैसे भरून मोकळी. "मुदत चुकायला नको बाई," एवढंच तिचं तत्त्व. तिची गाडी महिन्यातून चार वेळा निघते, बाजाराला आणि देवळाला. तिच्याइतका कमी धोक्याचा ग्राहक विमा कंपनीला दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. आणि तिने आजवर एकदाही 'वर बोलून बघा' असं कुणाला म्हटलेलं नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाला घासाघीस करणं कमीपणाचं वाटतं. शिवाय छापील आकडा म्हणजे ठरलेला आकडा, हा तिचा विश्वास. त्या विश्वासाचे पैसे लागतात, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमची कुठे कार आहे? पण स्कूटर आहे ना. आमच्या वर्गातल्या एका मित्राचं सांगते. २०१९ ला अकरावीत, म्हणजे खरं तर लायसन्सच्या आधीच, घरात नवी ॲक्टिव्हा आली. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची आणि नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. तेव्हा 'पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे' हे वाक्य त्याच्या घरात जे रुजलं, ते रुजलंच. प्रत्यक्षात ओन डॅमेज एकाच वर्षाचं होतं. चार वर्षं ती स्कूटर चोरीच्या विम्याविना एफसी रोडवर उभी राहत होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. यंदा थर्ड पार्टीही संपली. रिन्यूअलचा मेसेज शोरूममध्ये दिलेल्या जुन्या नंबरवर गेला, जो नंबर त्याच्या बाबांनी केव्हाच बंद केलाय. दोन महिन्यांनी सिग्नलला मामांनी अडवलं तेव्हा उजेड पडला. पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये.

७५ ते १५० सीसीच्या दुचाकीची थर्ड पार्टी वर्षाला ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३. २०२२ च्या बदलात हा दर ७५२ वरून ७१४ वर उतरला होता, हेही सांगून ठेवते. दर नेहमी वरच जातात असं नाही. (१५० ते ३५० सीसीचा मात्र १,१९३ वरून १,३६६ झाला. बुलेटवाल्यांनी नोंद घ्यावी.) २,००० च्या दंडापायी तो हळहळत होता. मला भीती वेगळीच वाटली. त्या दोन महिन्यांत त्याच्या हातून एखाद्या पादचाऱ्याला धक्का लागला असता, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा आकडा लाखांत जातो, आणि गाडी आहे आईच्या नावावर. थर्ड पार्टीत माणसाच्या मृत्यूच्या किंवा इजेच्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. न्यायाधिकरण ठरवेल ते कंपनी भरते. विमा नसेल तर ते घर भरतं. देशातल्या रस्त्यांवरच्या निम्म्याहून जास्त गाड्या अशा विम्याविना फिरतात.

आणि नेमकी म्हणूनच ही लपवाछपवी मला धोक्याची वाटते. न सांगता वाढलेला आकडा पाहिला की लोक दोनच गोष्टी करतात. एक तर आत्यासारखे निमूट भरतात, नाहीतर 'सगळे लुटारू' म्हणून विमाच सोडतात. तिसरी गोष्ट, म्हणजे आकडा समजून घेऊन काय ठेवायचं नि काय काढायचं ते ठरवणं, यासाठी लागणारी माहिती समोर ठेवलेलीच नसते.

ही तिसरी गोष्ट किती महत्त्वाची, ते चिपळूणच्या मामाने शिकवलं. २२ जुलै २०२१ ला त्याच्या घरात आणि अंगणातल्या गाडीत पाणी. पाणी उतरल्यावर त्याने काय करावं? चावी लावली आणि स्टार्टर मारला. इंजिनात पाणी होतं, आतले कनेक्टिंग रॉड वाकले. कंपनीने सीट, वायरिंग, साफसफाई यांचे पैसे दिले, इंजिनाचे नाही. कारण पाणी भरलेलं इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं. आणि तेच ॲड-ऑन त्याने आधीच्या रिन्यूअलला प्रीमियम कमी करायला काढून टाकलं होतं. काही शे रुपयांसाठी! त्याचा तरी काय दोष? त्याला फक्त एकूण रक्कम वाढलेली दिसली, म्हणून हाताला लागली ती टिक त्याने काढली. प्रीमियम कमी झाल्याचा आनंद दहा महिने टिकला.

वर पुढच्या वर्षी बोनस शून्यावर. क्लेम केला की पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून, २०, २५, ३५, ४५, ५०. मोठ्या नुकसानीला याची फिकीर करायची नसते, क्लेम करायचाच. पण बंपरला ओरखडा आला म्हणून ५० टक्क्यांचा बोनस घालवणं म्हणजे शुद्ध तोटा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले हजार रुपये आपलेच जातात, साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापला जातो. आमच्याच गाडीचे आकडे, दर आणि आयडीव्ही तेच धरून मांडले, तर एका क्लेमने पाच वर्षांत मिळून पाच हजारांच्या वर बोनस बुडतो. म्हणजे बाबांचा आरशाचा हिशोब बरोबर होता. आणि हो, मुदत संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न करताही सगळा बोनस जातो. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, जुनी गाडी विकली तर नव्या गाडीला नेता येतो, हेही बऱ्याच घरांत माहीत नसतं.

पुरानंतर मामाने घराचाही विमा काढला. आपल्याकडे घराला विमा असतो, हेच मुळात अनेकांना गृहकर्ज घेताना बँकेत कळतं. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवायला लावली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं त्यात येतं. विमा घराच्या बाजारभावाचा नाही, ते पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा असतो. जमीन काही वाहून जात नाही. आणि वेगळं काही न लिहिता घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के कव्हर मिळतं, जास्तीत जास्त दहा लाख.

या पॉलिसीचा एक गुण मला फार आवडला. तुम्ही ती अनेक वर्षांची घेतली, तर बांधकामाची विमा रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते. कारण सिमेंट, सळई, मजुरी वाढतेच. ही वाढ पॉलिसीत आधीच लिहिलेली आहे. कुणी गुपचूप करत नाही, आणि वाढीबरोबर तुम्हाला मिळणारं कव्हरही वाढतं. मामाने मात्र वर्षावर्षाची घेतली. दुसऱ्या वर्षी प्रीमियम वाढला तेव्हा तो म्हणाला, "पाणी काय दरवर्षी येतंय? बंद करू या." मी त्याच्याकडून दोन्ही कागद मागवले. बांधकामाची रक्कम त्यानेच वाढवून लिहिली होती, वर एक माळा चढवला म्हणून! तो स्वतःच विसरला होता. पण थोडा भाग त्याने काहीही न करता वाढलेला होता, आणि त्याचं उत्तर चिपळूणमध्ये मिळणारं नव्हतंच.

विमा कंपन्या स्वतःसुद्धा विमा काढतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. आपली सरकारी पुनर्विमा कंपनी जीआयसी री चर्चगेटला आहे, आणि जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या कंपन्या जगभर हाच धंदा करतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये 'इयान' वादळाने फ्लोरिडा झोडपलं आणि पुढच्या जानेवारीत जगभर पुनर्विम्याचे दर चढले. आपल्याकडे हे करार बहुतेक १ एप्रिलला नवे होतात. एका हौदाचं पाणी दुसऱ्या हौदात, तसं हे. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे अमेरिकेतल्या वादळाचे पैसे मी भरायचे?" मी म्हटलं, "मामा, तुझ्याकडे पाणी शिरलं, तेव्हा त्यांच्या हौदातूनही आलेच की." पॉलिसी चालू राहिली. कारण कळलं की माणूस जास्त पैसेही भरतो, हे मी तेव्हा पाहिलं.

(भाड्याने फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांसाठी आणखी एक. ही पॉलिसी नुसत्या सामानापुरतीही घेता येते. पण रूमवरून लॅपटॉप चोरीला गेला तर ती कामाची नाही. पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच त्यात धरतात.)

तर माझं मागणं फार मोठं नाही. रिन्यूअलच्या नोटिशीवर यंदाच्या रकमेशेजारी गेल्या वर्षीची रक्कम छापा. नुसती एकूण रक्कम नको. थर्ड पार्टी किती, ओन डॅमेज किती, डिस्काउंट तेव्हा किती टक्के नि आता किती, बोनस किती, कुठलं ॲड-ऑन गेलं नि कुठलं आलं. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये हे सगळं आहेच. ओळी जोडायला खर्च शून्य. डिस्काउंट कमी केलं असेल तर एका वाक्यात कारण लिहा. 'आपल्या भागातील पूरहानीमुळे' असं लिहिलं असतं, तर आम्ही कुरकुरत का होईना, पटवून घेतलं असतं. आणि एजंटने पंधरा मिनिटांत जे डिस्काउंट मिळवून दिलं, ते मुळातच देता येत होतं, तर ते आत्यालाही द्या.

यातलं काहीच न मिळाल्याची तक्रार करायची, तर सध्या कुठे करणार? क्लेम अडवला, तर रस्ता आहे. आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग आयआरडीएआयचं 'बिमा भरोसा' पोर्टल, त्यानंतर विमा लोकपाल. लोकपालाचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांना फी लागत नाही. पण कंपनीने स्वतःचं ऐच्छिक डिस्काउंट कमी केलं, यात कुठला नियम मोडला? मोडलेला नाही. म्हणूनच म्हणतेय, नियम हवा.

आमच्या गॅदरिंगच्या ग्रुपवर मी हा सगळा हिशोब टाकला, तेव्हा एकाने लिहिलं, 'हजार रुपयांसाठी एवढा अभ्यास? तेवढ्या वेळात दोन असाइनमेंट झाल्या असत्या.' खरंय त्याचं. असाइनमेंट राहिलीच. पण त्यानंतर अकरा जणांनी आपापल्या घरच्या पॉलिसी उघडल्या. त्यातल्या दोघांच्या स्कूटरला विमाच नव्हता, आणि एकाच्या वडिलांनी गेल्या वर्षी विकलेल्या कारचा बोनस नव्या कारला लावलाच नव्हता.

आत्याचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. तिला म्हटलं, गेल्या दोन वर्षांच्या पॉलिसी व्हॉट्सॲपवर पाठव. तिने फोटो काढून पाठवले. एक तिरका, दुसऱ्यावर चष्म्याची सावली, आणि जिथे डिस्काउंट लिहितात, ते दुसरं पान दोन्हींत नाही. "ते पान कशाला हवंय गं? पैसे तर पहिल्याच पानावर आहेत," ती म्हणाली. पुन्हा पाठवायला सांगितलंय.